सीटमागची पिशवी: बेळगावच्या सायकल दुकानापासून मांजरीच्या ई-सायकलपर्यंत

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नसतो त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जिथे गाडी भरकटली होती तिथे थोडी सरळ केलीय. सगळीकडे नाही.

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. ई-सायकल घेतली, आता सोबत काय ठेवू? पाना कुठला? ट्यूब ठेवायची का? फ्यूज म्हणजे काय? तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, इथे पान्यांचं काय काम. काम आहे. सायकलच्या सीटमागे लटकणाऱ्या त्या छोट्या पिशवीला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्या पिशवीत काय होतं हे पाहिलं की त्या काळात दुरुस्ती कोणी करायची असं लोकांनी धरलं होतं, ते कळतं. स्वतः? कोपऱ्यावरच्या दुकानदारानं? की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं?

मी मांजरी बुद्रुकला राहते. ज्यांना पुण्याच्या या टोकाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते, सोलापूर रस्त्यानं हडपसर ओलांडलं की डावीकडे आमचं गाव. इथेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, इथेच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, आणि नदीपलीकडे मांजरी खुर्द. २०२१ साली आम्ही महापालिकेत गेलो. पण रस्त्याच्या कडेची बाभूळ आणि सराटा अजून ग्रामपंचायतीतच आहेत. सराटा म्हणजे गोखरू. अमेरिकेत याच काट्याला बोकडाच्या डोक्यावरून नाव पडलंय आणि तिथले सायकलवालेही त्याला आपल्याइतकंच घाबरतात. हडपसर, मगरपट्टा किंवा मुंढव्यावरून खराडीला कामाला जाणाऱ्यांसाठी ई-सायकल अगदी सोयीची. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरला थांबणारी मदत असेल तर ती मोटार वाहन धरत नाहीत. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. पण रात्री साडेनऊला कामावरून सुटून घरी येताना मधेच मागचं चाक बसलं, की वीस-पंचवीस किलोचं ते धूड ढकलत न्यायचं म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा. खास करून बाईनं एकटीनं.

तर चला, १८८८ मध्ये जाऊ.

त्या एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. आयर्लंडमधल्या बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेल्या रबरी टायरची युक्ती काढली आणि तिचं पेटंट घेतलं. आणि इकडे बेळगावात लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, म्हणजे याच दुकानापासून. लक्ष्मणरावांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना लक्षात आलं की काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत. मग ते यंत्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. मुंबईत सायकल पाहिली, चालवली, आणि धंदा म्हणून बेळगावला भावाकडे पोचवली.

आता विचार करा, ज्या गावात लोकांनी सायकल पाहिलेलीच नाही तिथे ती विकायची म्हणजे काय काय करावं लागत असेल. विकायची, चालवायला शिकवायची, आणि मोडली की दुरुस्तही करायची. गिऱ्हाइकाला पाना धरायला शिकवल्याशिवाय सायकल टिकणारच नव्हती. पुढे याच घरातून लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तो वेगळा भाग होईल. पण एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच समूहातली किर्लोस्कर न्यूमॅटिक ही कंपनी १९५८ साली स्थापन झाली. तिचं ठिकाण हडपसरची औद्योगिक वसाहत, आमच्या मांजरीच्या शेजारी. आणि ती बनवते काय? हवा दाबणारे कॉम्प्रेसर. सायकलच्या दुकानापासून बरोबर ७० वर्षांनी हवा भरण्याचं यंत्र. (हो, ती यंत्रं कारखान्यांसाठी असतात, सायकलसाठी नाही. पण जुळतंय ना.)

डनलॉपच्या टायरला एक मोठी अडचण होती. तो रिमला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की टायर सोलून काढा, ठिगळ लावा, परत चिकटवा आणि सुकेपर्यंत थांबा. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या मिशेलिन बंधूंनी यावर १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत, अशी जवळपास १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँनं याच टायरवर जिंकली आणि टायर एका रात्रीत गाजला. आपल्या पिशवीचा जन्म माझ्या मते इथला. टायर हातानं काढता यायला लागला म्हणून तर टायर लिव्हर, ठिगळं, सोल्युशन आणि पंप सोबत ठेवण्यात अर्थ आला. इंग्लिश सायकलींच्या सीटमागे मग चामड्याची छोटी पिशवी लटकू लागली. आत चपटा पाना, त्याच्या पोटात वेगवेगळ्या मापांची भोकं. फ्रेमला अडकवलेला पंप. आणि रबराच्या बारीक नळीचे तुकडे, म्हणजे आपली वालटूब. ज्यांनी जुन्या सायकलचा व्हॉल्व्ह उघडून ती कुजलेली रबरी नळी बदललीय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. बाकीच्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारा, अर्धा तास गप्पा होतील.

त्या काळात स्वतःची सायकल स्वतः दुरुस्त करणं ही नुसती सोय नव्हती, नियम होता. १९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये युजीन क्रिस्तोफ नावाचा खेळाडू पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले घाटातून उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. नवीन सायकल घ्यायची परवानगी नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. पठ्ठ्यानं सायकल खांद्यावर टाकली, दहाएक किलोमीटर चालत खालचं गाव गाठलं आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातानं फोर्क जोडला. हातात हातोडा आणि लोखंड, मग भाता कोण हलवणार? एका पोरानं हलवला. तर शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी त्या भात्यासाठी त्याला वेळेचा दंड ठोकला! शर्यत हातची गेली ती गेलीच.

आपल्याकडचे लोकही कमी नव्हते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, ब्रह्मदेश असं करत १८ मार्च १९२८ ला परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर. बगदादच्या पुढच्या वाळवंटात कुठला सायकल मार्ट? जे सोबत आहे तेच दुकान. त्यांच्या सायकलींना गिअर नव्हते, बॅटरी तर नव्हतीच. पण त्या सायकलीचा कुठलाही भाग पाना, हातोडा आणि थोडी अक्कल असली तर रस्त्यावर खोलता येत होता. पुढच्या गोष्टीसाठी हा मुद्दा लक्षात ठेवा.

स्वातंत्र्यानंतर सायकल स्वस्त झाली. मद्रासची टीआय सायकल्स १९४९ ची, सोनिपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची ती सायकल म्हणजे पुणं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते याच काळात. खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा. कॉलेजातली मुलं-मुली, मास्तर, पेपरवाले, दूधवाले, सगळे. रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा, डबलसीट दिसली की तोही धरायचा. हे जग बघायचं असेल तर कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, जुन्या सायकली आणि त्यांच्यासोबतचं सामान. दुसऱ्या महायुद्धातली, पॅराशूटवाल्या सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए सायकल तिथे पाहता येते.

पण याच काळात पिशवी रिकामी झाली. कारण सरळ आहे. दर कोपऱ्यावर सायकलचं दुकान झालं. तासावर सायकल भाड्यानं देणारा, हवा भरणारा, पंक्चर काढणारा, चाकाचा आऊट काढणारा, सगळं एकच माणूस. समोर घमेलंभर पाणी, भिंतीला टांगलेले टायर, डब्यात छर्रे आणि कॉटर. तो असताना पाना बाळगायचा कुणी? पिशवीत मग फडकं आणि डबा राहायला लागला. मला यात वाईट काही वाटत नाही. ज्ञान पिशवीतून निघून कोपऱ्यावर जाऊन बसलं, एवढंच.

या कोपऱ्यावरच्या माणसानं एक पद्धत पक्की केली, आणि आजच्या भागाचा सगळा जीव त्या पद्धतीत आहे. काळ्या सायकलचं मागचं चाक काढणं म्हणजे वैताग. चेनकव्हर, मडगार्डच्या दांड्या, कॅरिअर, स्टँड, सगळं त्याच एका कण्याला अडकलेलं. म्हणून तो चाक काढायचाच नाही. टायरची एक बाजू लिव्हरनं उचलायची, ट्यूब बाहेर ओढायची, पाण्यात बुडबुडे बघायचे, जागा घासायची, सोल्युशन, ठिगळ, ठोका, आत ढकला, हवा. चाक जागच्या जागी. परदेशी व्हिडिओंत पहिली पायरी नेहमी ‘चाक काढा’ अशी असते. आपल्याकडे ती पायरीच नव्हती.

मधे स्कूटर आली, आणि लुना. लुनाला विसरून चालणार नाही, कारण ई-सायकलची खरी मावशी तीच. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं इटलीतल्या पियाजिओच्या मोपेडवरून ती आणली. ५० सीसीचं इंजिन आणि खाली चक्क पेडल. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी. लुनावाल्यांच्या डिकीत काय असायचं? स्पार्क प्लग, प्लगचा पाना, घासायला पॉलिश पेपरचा तुकडा. पिशवी परत भरली, फक्त नव्या रोगासाठी नवं औषध आलं. २०२४ मध्ये ई-लुना आली तेव्हा मी आधी पेडल शोधले. नाहीत.

आणि विजेची सायकल? ती वाटते तितकी नवी नाही. चाकाच्या मध्यात मोटर बसवायची कल्पना ऑग्डेन बोल्टन नावाच्या अमेरिकन माणसानं पेटंट केली ती ३१ डिसेंबर १८९५ ला. मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर, फ्रेमच्या मधोमध १० व्होल्टची बॅटरी. आजच्या तुमच्या-माझ्या सायकलचा आराखडा जवळपास तोच. अडलं होतं बॅटरीपाशी. सोनीनं १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, यामाहानं १९९३ मध्ये पेडलला मदत करणारी सायकल काढली, आणि मग गाडी सुटली. आता पुण्यातच ई-मोटोरॅडसारखी कंपनी २०२० पासून या धंद्यात आहे.

आता खरी अडचण. ई-सायकलमध्ये अर्धी सायकल आहे आणि अर्धा मोबाईल. सायकलचा भाग आदी हकीम यांच्या काळासारखाच पान्यानं खोलता येतो. मोबाईलचा भाग सील केलेला. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मागच्या चाकातली वायर बघतो आणि हात वर करतो. आणि सर्व्हिस सेंटर रात्री साडेनऊला बंद असतं. माझं मागचं चाक मांजरी स्टेशनच्या अलीकडे बसलं तेव्हा फोनवरचं उत्तर होतं, “उद्या टेम्पोनं घेऊन या.” पंक्चरसाठी टेम्पो!

तिथे ती जुनी पद्धत कामाला येते. हब मोटरचं चाक काढायची गरजच नाही. आधी सायकल बंद करा, बॅटरी काढून बाजूला ठेवा. चाक हळू फिरवत काटा शोधा. मांजरीत तो बहुतेक वेळा अजून टायरमध्येच असतो, सराटा फार इमानी. तेवढ्या भागापुरती टायरची एक कड उचला, तेवढीच ट्यूब बाहेर घ्या. काटा उपटून झाल्यावर टायरच्या आतून कापड फिरवा, दुसरं टोक राहिलेलं असतं. पॉलिश पेपरनं घासा, सोल्युशन लावून ते कोरडं होईपर्यंत थांबा (ओल्यावर ठिगळ बसत नाही, घाईचं काम नाही), मग ठिगळ दाबा. म्हणून पिशवीत पहिली जागा प्लॅस्टिकच्या दोन-तीन लिव्हर, ठिगळं, सोल्युशन आणि छोट्या पंपाला. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की महिन्या-दोन महिन्यांत आतल्या आत सुकते, तेव्हा बारकी न उघडलेली ट्यूब ठेवा. आणि पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का ते घरी बघा. बऱ्याच ई-सायकलींना मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, काळ्या सायकलचा वालटूबवाला नाही.

ट्यूब फाटली किंवा व्हॉल्व्हच्या मुळाशी उचकटली तर मात्र ठिगळाचा उपयोग नाही, चाक काढावं लागतं. त्यासाठी हब मोटरच्या नटाचा पाना हवा, बहुतेक सायकलींना १८ मिलिमीटरचा. पण तुमचा मोजून घ्या. काढायच्या आधी दोन्ही बाजूंच्या वॉशरचा मोबाईलवर फोटो काढा. त्यातला खाचेत अडकणारा वॉशर कण्याला फ्रेममध्ये फिरू देत नाही. तो उलटा बसला किंवा राहून गेला तर मोटरचा जोर कण्यालाच फिरवतो आणि वायर पिळून तुटते. मोटरच्या वायरचा जोड सरळ ओढून काढायचा, पिळायचा नाही, आणि परत लावताना बाणासमोर बाण. वायर फ्रेमला ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली असते त्या कापाव्या लागतात, म्हणून चार-पाच केबल टाय ठेवा. ट्यूब स्वतःच्या मापाची ठेवा. आपल्याकडच्या दुकानात अठ्ठावीस इंची ट्यूब कधीही मिळेल, साडेसत्तावीसची किंवा जाड टायरची मिळेलच असं नाही. परदेशात दोन टोकं बंद असलेली, सापासारखी लांब ट्यूबही मिळते, चाक न काढता टायरच्या आत गुंडाळून बसवायची. आपल्या पंक्चरवाल्याला ती नक्की आवडेल.

बाकी सामान थोडं आहे. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की. चेन जोडायची एक सुटी कडी, तुमच्या चेनच्या मापाची. इन्सुलेशन टेप. बॅटरीला बाहेरून बदलता येणारा फ्यूज असेल तर त्याच अँपिअरचा एक जास्तीचा फ्यूज. त्याच अँपिअरचा, मोठा नाही. मोठा फ्यूज किंवा तार गुंडाळणं म्हणजे फ्यूज ज्यासाठी असतो तेच काढून टाकणं. बॅटरी तर रस्त्यावर उघडायची नाहीच. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्टपर्यंत असते आणि लिथियमचा शॉर्ट झाला की घमेलंभर पाण्यानं आवरत नाही. ते काम रस्त्याचं नव्हे. मोटर अचानक बंद पडली तर पान्याला हात घालण्याआधी ब्रेकची मूठ बघा. मूठ पूर्ण परत आली नाही तर आतला स्विच मोटरला वाटवतो की तुम्ही ब्रेक दाबून बसलाय. पावसात वायरच्या जोडात पाणी जातं, ते सोडवून पुसलं तरी पुष्कळदा काम होतं. आणि काहीच नाही झालं तरी गिअरवाल्या हब मोटरची सायकल पेडल मारत चालते. जड जाते, पण चालते. लुनाच्या भाचीकडून एवढी अपेक्षा करू शकतो.

तारांचं एक सांगते, हे कुणी फारसं बोलत नाही. हब मोटरच्या चाकाच्या तारा नेहमीपेक्षा आखूड आणि जाड असतात, कारण हबच केवढा मोठा. खड्ड्यांत त्याच तुटतात. आणि कोपऱ्यावरच्या डब्यात त्या मापाची तार नसते. सायकल घेतली त्याच दुकानातून मापाच्या चार तारा आत्ताच मागून घ्या. बसवायला तुम्हाला जमलं नाही तरी चालेल, आऊट काढण्यात आपल्या जुन्या दुकानदारांचा हात अजून कुणी धरू शकत नाही. त्यांना फक्त तार हवी असते.

माझ्या घराजवळच्या पंक्चरवाल्या काकांना मी एका रविवारी सायकल दाखवली. बॅटरी काढून हातात दिली, वायरचा जोड सोडवून परत लावून दाखवला. काका म्हणाले, “एवढंच होय? मला वाटलं करंट बसतो.” मग त्यांनीच मला शिकवलं की टायरची कड शेवटी व्हॉल्व्हपाशी आत ढकलायची, तिथून सुरुवात करायची नाही. आता त्यांच्याकडे १८ चा पाना भिंतीवर टांगलेला आहे. हवा भरायचे पैसे माझ्याकडून घेत नाहीत, मी कितीही म्हटलं तरी.

पुढच्या भागात तासावर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली, आणि २०१७-१८ मध्ये पुण्यात ॲपवरच्या सायकली आल्या तेव्हा नक्की काय झालं ते. तुमच्या घरात कुणाकडे जुनी चामड्याची पिशवी, पाना किंवा पंप असेल तर फोटो पाठवा, आत काय सापडलं तेही लिहा. भेटू.